‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ प्रकरण: सीव्हीई-2024-37085 बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै 2024 च्या शेवटी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमधल्या एका सुरक्षा दोषाचं हे प्रकरण गाजलं; सीव्हीई-2024-37085 हा त्या दोषाचा नोंदणी क्रमांक. तेव्हापासून सर्व्हर सांभाळणारी ओळखीची मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न विचारत आली आहेत, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. तुमच्याकडे अजून ईएसएक्सआय 7.0 चालू असेल तर तो प्रश्न आधी वाचा, बाकीचं सवडीने.

नेमकी भानगड काय आहे?

ईएसएक्सआय हा व्हीएमवेअरचा हायपरवायझर. रॅकमधल्या एका डब्यावर वीस-तीस व्हीएम (आभासी यंत्रं) चालतात ते त्याच्या जिवावर. हा डबा, म्हणजे होस्ट, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कंपनीतल्या विंडोज यंत्रांची खाती आणि गट सांभाळणारी यंत्रणा) डोमेनमध्ये जोडला की तो एक गोष्ट गृहीत धरून चालतो: डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा गट दिसला, तर त्यातला प्रत्येक सदस्य आपला पूर्ण अ‍ॅडमिन.

गंमत अशी की हा गट डोमेनमध्ये मुळात नसतोच. विंडोज तो बनवत नाही आणि होस्ट जोडतानाही तो आपोआप तयार होत नाही. असा गट खरंच आहे का, हेही होस्ट तपासत नाही. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवावं की ‘कमिटी’ असं कार्ड गळ्यात असेल त्याला गच्चीपासून पंपरूमपर्यंतच्या सगळ्या किल्ल्या दे, आणि कमिटी अजून निवडूनच आलेली नसावी, तशातली ही गत. पहिला जो कोणी कार्ड छापून आणेल, तो कमिटी.

डोमेनमध्ये गट बनवण्याचा अधिकार असलेल्या माणसाने त्या नावाचा गट बनवला आणि त्यात एक खातं घातलं की संपलं. ना होस्टच्या रूट (सर्वाधिकारी) खात्याचा पासवर्ड लागतो, ना मेमरीतली कुठली करामत. विंडोजवर दोन ओळींच्या कमांडमध्ये काम होतं.

नावावरून ओळख? मग एसआयडी कशाला असतो?

हाच तर मुद्दा आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक गटाला, प्रत्येक खात्याला एसआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, असतो. गट डिलीट करून त्याच नावाने पुन्हा बनवला तर एसआयडी नवा मिळतो. म्हणूनच विंडोजच्या फोल्डरवर जुन्या गटाला दिलेली परवानगी नव्या गटाला मिळत नाही. तिथे एक लांबलचक अनाथ आकडा तेवढा लटकत राहतो. हा आकडा न पाहिलेला विंडोज अ‍ॅडमिन सापडायचा नाही.

ईएसएक्सआय मात्र नाव बघत होता. एका गावात एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून सातबाऱ्यावर गट नंबर असतो. इथे नुसत्या नावावर जमीन चढवली गेली.

आमच्या डोमेनमध्ये हा गट कधीच नव्हता. म्हणजे आम्ही सुटलो?

उलट तुम्हीच जास्त उघडे आहात. हा गैरसमज पसरण्यामागे कारण आहे. व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने 25 जून 2024 रोजी व्हीएमएसए-2024-0013 ही सूचना काढली. तिच्यात लिहिलं होतं की डोमेनमधून काढून टाकलेला गट पुन्हा बनवला तर होस्टचा ताबा मिळतो. ते वाचून अनेकांनी ‘आपण कुठे बनवला होता, जो काढून टाकू’ म्हणून पान मिटलं. महिन्याभराने, 29 जुलैला मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा सविस्तर लेख आला. दोष शोधून कळवणारेही तेच. त्यात चित्र जास्त स्पष्ट झालं: गट आधी असण्याची गरजच नाही.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. एक, गट नव्याने बनवणे. प्रत्यक्ष हल्ल्यांत दिसली ती हीच. दुसरी, हाताशी असलेल्या एखाद्या गटाचं नाव बदलून ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ करणे. तिसरी जरा किचकट आहे: होस्टच्या व्यवस्थापनासाठी तुम्ही दुसरा गट नेमला तरी जुन्या गटातल्या लोकांचे अधिकार लगेच जात नाहीत, आणि त्या मधल्या वेळाचा फायदा घेता येतो.

स्कोअर तर फक्त 6.8 आहे. एवढा गाजावाजा कशासाठी?

सीव्हीएसएस, म्हणजे दोषाच्या तीव्रतेचा दहापैकी स्कोअर, मोजताना ‘हल्लेखोराकडे आधीच वरचे अधिकार हवेत’ असं दिसलं की गुण कापले जातात. कागदावर ते बरोबरच आहे. पण रॅन्समवेअर टोळ्यांना डोमेनचे वरचे अधिकार हा रोजचा मुक्काम असतो. त्यापुढे हायपरवायझरपर्यंत जायला काही तास, कधी काही दिवस लागायचे. ती मजल या दोषाने मिनिटांवर आणली.

अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 30 जुलै 2024 रोजी हा दोष प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातला आणि तिथल्या केंद्रीय कार्यालयांना 20 ऑगस्टपर्यंतची मुदत दिली. त्या यादीत 6.8 वाले आणि 9.8 वाले शेजारी शेजारी बसतात. पॅचची रांग लावताना मी आकड्याआधी ती यादी बघतो.

पण हल्लेखोर डोमेन अ‍ॅडमिनच झाला असेल, तर खेळ तसाही संपलाच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांत बहुधा अनुभवी मंडळीच असतात. अर्धा बरोबर आहे.

पहिली गोष्ट: डोमेन अ‍ॅडमिन असण्याची सक्ती नाही. पुरेसे अधिकार, एवढंच पाहिजे. किती तरी ठिकाणी हेल्पडेस्कच्या पोरांना एखाद्या ओयूमध्ये (डोमेनच्या उपविभागात) गट बनवायचे आणि सदस्य घालायचे अधिकार दिलेले असतात, कारण दर वेळी सिनिअरला उठवायचं कोणी? होस्ट नाव बघतो, गट कुठल्या ओयूत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे प्रिंटरच्या परवानग्या देणाऱ्या खात्यापासून अख्ख्या सर्व्हर रूमपर्यंत एक सरळ वाट निघते.

दुसरी गोष्ट: डोमेन अ‍ॅडमिनच्या हातात विंडोजचं राज्य असतं, सगळं घर नसतं. तुमचा ईआरपीचा डेटाबेस लिनक्सवर असेल, फायरवॉल व्हीएम म्हणून चालत असेल, बॅकअपचा सर्व्हर मुद्दाम डोमेनबाहेर ठेवलेला असेल, तर त्यांच्यापर्यंत त्याचा हात सहज पोचत नाही. हायपरवायझर मिळाला की हे सगळं एकाच डेटास्टोअरवरच्या (होस्टच्या साठ्यावरच्या) फायली होऊन बसतं. व्हीएम बंद करा, व्हीएमडीके (व्हीएमच्या डिस्कच्या फायली) एन्क्रिप्ट करा. आतली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, आत अँटिव्हायरस कुठला, काही फरक पडत नाही. डोमेन कंट्रोलरची (डोमेनची सगळी खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरची) डिस्कसुद्धा त्यातच असते. ती उचलून नेली की सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश घरबसल्या मिळाले.

आणि तिसरी: विंडोजवर ईडीआर (हल्ल्याच्या हालचाली टिपणारं सॉफ्टवेअर) असतो, तो निदान बोंब तरी मारतो. ईएसएक्सआयवर बहुतेकांकडे तसलं काहीच नसतं. मायक्रोसॉफ्टने त्याच लेखात म्हटलं होतं की त्यांच्या पथकाने हाताळलेल्या घटनांपैकी ईएसएक्सआयला लक्ष्य केलेल्या किंवा त्याची झळ पोचलेल्या घटना आधीच्या तीन वर्षांत दुपटीहून जास्त झाल्या.

तेव्हा खेळ संपला होता हे खरं, पण राख किती होणार ते इथे ठरतं.

प्रत्यक्षात कोणी वापरला?

मायक्रोसॉफ्टने चार टोळ्यांची नावं घेतली: स्टॉर्म-0506, स्टॉर्म-1175, ऑक्टो टेम्पेस्ट आणि मॅनॅटी टेम्पेस्ट. काही ठिकाणी शेवटी अकिरा किंवा ब्लॅक बास्ता हे रॅन्समवेअर पडलं.

उत्तर अमेरिकेतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीवरचा 2024 चा हल्ला त्यांनी पायरीपायरीने उलगडून दाखवला आहे. सुरुवात क्वॅकबॉट या मालवेअरने. मग विंडोजच्या सीएलएफएस ड्रायव्हरमधला 2023 चा दोष, सीव्हीई-2023-28252, वापरून यंत्रावरचे अधिकार वाढवले. कोबाल्ट स्ट्राइक आणि पायपीकॅट्झ ही हत्यारं वापरून दोन डोमेन अ‍ॅडमिनचे पासवर्ड चोरले आणि तिथून डोमेन कंट्रोलर्सकडे सरकले. मग ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ गट बनवला, नवं खातं त्यात घातलं. पुढे ईएसएक्सआयची फाइल सिस्टीम एन्क्रिप्ट, आणि त्यावरच्या व्हीएम ठप्प. जी यंत्रं ईएसएक्सआयवर नव्हती, त्यांच्यासाठी पीएसएक्झेक हे दूरच्या यंत्रावर कमांड चालवणारं साधन वापरलं. तिथे मात्र मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने काही यंत्रांवर एन्क्रिप्शन रोखलं. हायपरवायझरवर रोखायला कोणी नव्हतं.

पॅच न केलेला 2023 चा दोष मध्येच कसा कामाला आला, तेही या साखळीत दिसतं. एकट्याने यातला कोणताच दोष कंपनी बुडवत नाही.

आमच्याकडे हा धोका आहे का, हे कसं तपासू?

दोन ठिकाणी बघायचं. आधी होस्टवर: होस्ट क्लायंटमध्ये ‘मॅनेज’, मग ‘सिक्युरिटी अँड युजर्स’, मग ‘ऑथेंटिकेशन’. तिथे डोमेनचं नाव दिसलं तर होस्ट जोडलेला आहे. व्हीसेंटरमधून (अनेक होस्ट एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघत असाल तर होस्टच्या ‘कॉन्फिगर’ टॅबखाली ‘ऑथेंटिकेशन सर्व्हिसेस’ बघा. होस्ट डोमेनमध्ये नसेल तर हा दोष तुम्हाला लागू नाही. पुढचं वाचायचं तर ज्ञान म्हणून वाचा.

मग डोमेनमध्ये शोध. ‘युजर्स अँड कॉम्प्युटर्स’ उघडून नुसतं ‘ईएसएक्स’ एवढंच रोमनमध्ये शोधा आणि शोध एका ओयूपुरता नको, अख्ख्या डोमेनवर लावा.

आमच्याकडचं सांगतो. अकरा होस्ट होते आणि माझी खात्री होती की एकही डोमेनमध्ये नाही. चार निघाले. कोणी तरी कधी काळी ‘प्रत्येकाला रूटचा पासवर्ड कशाला द्यायचा’ या चांगल्या हेतूने जोडले होते. शोध घेतला तर ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ गटही सापडला, 2016 चा. डिस्क्रिप्शनच्या रकान्यात ‘टेम्प’. सदस्य एक, तेही नोकरी सोडून गेलेल्या कंत्राटी माणसाचं खातं. खातं डिसेबल केलेलं, पण गटात तसंच. त्या गटात सदस्य घालण्याचा अधिकार हेल्पडेस्कच्या तिघांना होता, आणि त्या तिघांनाही ते माहीत नव्हतं. काही घडलेलं नव्हतं. तरी त्या दुपारी डबा तसाच राहिला.

पॅच कुठे आहे?

ईएसएक्सआय 8.0 अपडेट 3 मध्ये. व्हीएमवेअर क्लाउड फाउंडेशन वापरत असाल तर 5.2 मध्ये. दुरुस्ती मुख्यतः मूळ सेटिंग्ज सुरक्षित करण्याची आहे, त्यामुळे अपग्रेडनंतरही खालची तीन मूल्यं प्रत्येक होस्टवर डोळ्यांनी बघून घ्या. जुन्या होस्टवर कोणी काय बदलून ठेवलंय ते अपग्रेडला विचारून कळत नाही.

आम्ही अजून 7.0 वर आहोत. काय करायचं?

ईएसएक्सआय 7.0 साठी या दोषाचा पॅच काढणार नाही, असं ब्रॉडकॉमने सूचनेतच लिहिलं होतं. तेव्हा 7.0 चा सपोर्ट चालू होता, हे लक्षात घ्या. क्लाउड फाउंडेशन 4 चीही तीच कथा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तीन सेटिंग्जची मूळ मूल्यं बदलायची होती, त्यासाठी लोकांना अख्खी आवृत्ती ओलांडायला लावणं ही दुरुस्ती नव्हे, ढकलगाडी आहे. 7.0 चा सर्वसाधारण सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे आता ती आशाही नको.

8.0 वर जायच्या आड दोन गोष्टी येतात. एक म्हणजे जुनं हार्डवेअर. सँडी ब्रिज पिढीचे झिऑन 8.0 ने सोडून दिले आहेत, आणि आपल्याकडे तसले सर्व्हर ‘चालतंय ना’ म्हणून चालतच असतात. दुसरी, पैसे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि महिनाभरातच कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सबस्क्रिप्शन आणलं. छोट्या कंपनीच्या मालकाला हा खर्च समजावून सांगणं हे पॅच लावण्यापेक्षा अवघड काम.

तोवर सेटिंग्ज बदला, किंवा सरळ होस्ट डोमेनमधून बाहेर काढा. या एका दोषापुरतं 7.0 वर त्याने भागतं. बाकीच्या दोषांसाठी मात्र सपोर्ट संपलेली आवृत्ती ती संपलेलीच.

ती तीन सेटिंग्ज कोणती?

होस्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जा. नावं लांबलचक आहेत, पूर्ण टाइप करत बसू नका. शोधपेटीत शेवटचा शब्द रोमनमध्ये टाकला की पुरे.

‘ईएसएक्सअ‍ॅडमिन्सग्रुपऑटोअ‍ॅड’ हे ‘ट्रू’ असतं, ते ‘फॉल्स’ करा. गटाला आपोआप अ‍ॅडमिन बनवणारा खटका तो हाच. ‘ऑथव्हॅलिडेटइंटरव्हल’ 1440 असतं, ते 90 करा. हे मिनिटांत आहे. म्हणजे एखाद्याचे अधिकार काढले तरी होस्ट दिवसभर जुन्याच समजुतीत राहायचा, तो आता दीड तासाने खात्री करेल. आणि ‘ईएसएक्सअ‍ॅडमिन्सग्रुप’ यात गटाचं नाव असतं, ते पुसून रिकामं ठेवा.

मग ‘परमिशन्स’मध्ये जाऊन त्या गटाची नोंद आधीच बसलेली आहे का ते बघा आणि असेल तर काढा. खटका बंद केला तरी आधी आत येऊन बसलेला पाहुणा आपणहून उठत नाही.

सावध: तुम्ही रोज लॉगिन करता ते खातंच या गटातून येत असेल, तर आधी दुसरी सोय करा. स्वतःलाच बाहेर कुलूप लावून घेतलेले दोघे मला माहीत आहेत.

तो गट आपणच आधी बनवून ठेवला तर?

चालतं, आणि होस्ट डोमेनमध्ये ठेवणं भाग असेल तर तो उपाय मायक्रोसॉफ्टनेही सुचवला आहे. एका डोमेनमध्ये एका नावाचा एकच गट राहू शकतो, त्यामुळे नाव अडवून ठेवल्यासारखं होतं. पण गट कुठल्याही ओयूत टाकून उपयोग नाही. तो डिलीट करण्याचा, त्यात सदस्य घालण्याचा अधिकार मोजक्या खात्यांनाच हवा, नाहीतर आमचा 2016 चा ‘टेम्प’ होतो.

होस्ट डोमेनमधून काढलेलेच बरे का?

माझ्या मते हो. व्हीसेंटर असेल तर होस्टवर थेट लॉगिन करायची वेळ महिनोन्‌महिने येत नाही. लोक व्हीसेंटरमध्ये आपापल्या खात्याने येतात, तिथे टू-फॅक्टर लावता येतं, कोणी काय केलं याची नोंद राहते. होस्टला डोमेनची ओळखदेखील असायची गरज नाही.

काढण्याआधी प्रत्येक होस्टचा रूट पासवर्ड खरोखर चालतो का, हे टाइप करून बघा. पाकिटात सीलबंद ठेवलेला पासवर्ड तीन वर्षांपूर्वी बदललेला असतो, हे रात्री दोनला कळू नये. सगळं सुरळीत झालं की लॉकडाउन मोड (होस्टवर थेट लॉगिन रोखणारी सोय) चालू करा आणि एसएसएच (दुरून कमांड देण्याचं दार) बंद ठेवा.

कोणी आधीच घुसलंय का, हे कुठे दिसेल?

डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये. ग्लोबल गट बनला की 4727, त्यात सदस्य आला की 4728, गटात बदल झाला की 4737. युनिव्हर्सल गटांसाठी 4754 आणि 4756. या क्रमांकांत ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ हे नाव शोधा आणि त्यावर कायमचा अलर्ट लावून टाका. हे नाव तुमच्या डोमेनमध्ये सहज म्हणून उगवण्याचं काहीच कारण नाही, त्यामुळे खोट्या अलर्टचा त्रासही नाही.

होस्टवर ‘ऑथ’ आणि ‘होस्टडी’ हे लॉग बघायचे. ते होस्टवरच राहिले तर हल्लेखोर जाताना पुसून जातो, तेव्हा बाहेरच्या सिसलॉग (लॉग साठवणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा. आणि तो सिसलॉग सर्व्हर त्याच ईएसएक्सआयवरची व्हीएम नसावा. हसू नका, मी पाहिलंय.

हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स हे दुसरे हायपरवायझर वापरणाऱ्यांना धोका?

या दोषाचा नाही. पण हायपर-व्हीवाल्यांनी फार खूश होऊ नये. विंडोज सर्व्हर डोमेनमध्ये जोडला की डोमेन अ‍ॅडमिन्स गट त्याच्या लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये आपोआप जाऊन बसतो. तिथे दोष नाही, तशी रचनाच आहे.

व्हीसेंटरमध्येही हाच दोष आहे का?

नाही, हा ईएसएक्सआयचा. व्हीसेंटरचे स्वतःचे दोष वेगळे. एप्रिल 2020 मधला सीव्हीई-2020-3952 आठवा: 6.0 किंवा 6.5 वरून 6.7 ला अपग्रेड केलेल्या व्हीसेंटरमध्ये डिरेक्टरी सेवा कोणालाही दार उघडत होती, स्कोअर पूर्ण 10. नव्याने बसवलेल्या 6.7 ला काही नव्हतं.

भारतात अशी घटना कळवावी लागते का?

लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं, आणि लॉग 180 दिवस जपून ठेवायचे. सहा तास म्हणजे बहुतेक ठिकाणी मालकाला फोन लावून त्याची समजूत घालण्यातच जातात; कोणी कळवायचं ते आधी ठरवून ठेवा.

आमच्याकडे रोजचा बॅकअप आहे. मग?

बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये आहे का? तो त्याच होस्टवरची व्हीएम आहे का? बॅकअपची डिस्क त्याच डेटास्टोअरवर किंवा त्याच सॅनवर (सामायिक साठ्यावर) आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ती प्रत आहे, बॅकअप नाही. निदान एक प्रत टेपवर किंवा बदलता न येणाऱ्या साठ्यात हवी, आणि अख्खी व्हीएम परत उभी करून बघितलेली हवी. एक फाइल रिस्टोअर होते म्हणून समाधान मानू नका.

या सगळ्याला रिबूट लागेल का?

सेटिंग्ज बदलायला नाही, दिवसाढवळ्या करा. 8.0 अपडेट 3 ला मात्र लागेल. व्हीमोशन असेल तर व्हीएम दुसऱ्या होस्टवर सरकवून एकेक होस्ट करत जा, नसेल तर शनिवारी रात्रीची मेंटेनन्स विंडो मागून घ्या.